आपली खाजगी पॅकेजेस ठेवायची कुठे आणि सांभाळायची कशी?

फेज_थ्री_वाला · मंगळवार, सकाळी १०:४२

नमस्कार मंडळी. थोडक्यात मांडतो.

४० डेव्हलपर, ऑफिस हिंजवडीत, निम्मी मंडळी घरून. कोड तीन भाषांत: नोड, पायथन, जावा. आतल्या वापराच्या लायब्रऱ्या २५ च्या आसपास. नोड आणि पायथनची पॅकेजेस गिटच्या टॅगवरून (कोडच्या एका आवृत्तीला दिलेलं नाव) थेट ओढली जातात, जावाचे जार (बांधलेल्या लायब्ररीच्या फाइल्स) एका शेअर्ड फोल्डरमध्ये आहेत (हसू नका).

पॅकेजेस साठवून वाटणारी रजिस्ट्री कोणती घ्यावी: नेक्सस, व्हर्डाचिओ, आर्टिफॅक्टरी, की गिटलॅबचीच? सर्व्हर केवढा लागेल? तो ऑफिसात ठेवावा की क्लाउडवर? आणि "टॅगवर चाललंय ना, मग कशाला हात लावता" असं विचारणाऱ्या मॅनेजरला काय सांगावं?

टिळक_रोड_डेमन · मंगळवार, सकाळी ११:०५

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो.

गिटचा टॅग हलवता येतो. आज १.४.२ म्हणून जे आलं तेच उद्या येईल याची हमी टॅग देत नाही. एनपीएमची (नोडची पॅकेजेस उतरवणारं साधन) लॉक फाइल, म्हणजे नेमकं काय उतरवायचं याची नोंद, कमिटचा हॅश (त्या कोडची न बदलणारी ओळखखूण) धरून ठेवते म्हणून नोडमध्ये निभावतं. पायथनच्या साध्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये तसलं काही नसतं. वर पायथनची पॅकेजेस उतरवणाऱ्या पिपचा रिक्वायर-हॅशेस पर्याय गिटवरून येणाऱ्या पॅकेजला चालतच नाही, कारण ताडून बघायला ठरावीक फाइलच नाही.

वेळेचं म्हणाल तर, गिटवरून आलेल्या नोड पॅकेजमध्ये प्रिपेअर स्क्रिप्ट असेल तर एनपीएम त्याच्या डेव्ह डिपेंडन्सीसकट सगळं उतरवून तिथल्या तिथे बिल्ड करतं. तुमच्या बिल्डची मिनिटं बहुधा तिथेच जात असणार. शिवाय सीआयला (आपोआप बिल्ड करणाऱ्या यंत्रणेला) प्रत्येक रेपोची (कोडच्या साठ्याची) किल्ली द्यावी लागते. एक बटणांची लायब्ररी हवी म्हणून अख्खा सोर्स आणि त्याचा इतिहास उघडा करून ठेवायचा.

रजिस्ट्रीत तीन प्रकारच्या जागा असतात. होस्टेड म्हणजे आपण पब्लिश केलेलं. प्रॉक्सी म्हणजे बाहेरून आणून साठवलेलं. ग्रुप म्हणजे दोन्हीला मिळून एकच दार. आर्टिफॅक्टरी यांनाच लोकल, रिमोट आणि व्हर्च्युअल म्हणते. लॅपटॉप असो की सीआय, इन्स्टॉल करायला पत्ता फक्त ग्रुपचा द्यायचा. पब्लिश करायचा पत्ता वेगळा, तो थेट होस्टेडचा. फुकटातलं नेक्सस ग्रुपवर पब्लिश करू देत नाही.

सिग्नल_सुटला · मंगळवार, सकाळी ११:४८

निवडीबद्दल. फक्त नोड असतं तर व्हर्डाचिओ म्हटलं असतं: एक यामल (सेटिंगची) फाइल, पोर्ट ४८७३, छोट्याशा मशीनवर निवांत चालतं. फक्त पायथन असतं तर देवपी, पोर्ट ३१४१ (गणितातल्या पायच्या रसिकांसाठी). तुमच्याकडे तीन भाषा, म्हणजे तीन वेगळे सर्व्हर, तीन बॅकअप, तीन ठिकाणची खाती. तेवढा उपद्व्याप करू नका, नेक्सस घ्या.

नेक्ससला चार कोअर आणि आठ जीबी रॅम ही किमान खरेदी समजा. लिनक्सवर त्या युजरची ओपन फाइल्सची मर्यादा ६५५३६ करा, नाहीतर गर्दीच्या वेळी "टू मेनी ओपन फाइल्स" म्हणून मान टाकेल. डेटाबेस सोबत येणारा एचटू न ठेवता पहिल्या दिवसापासून पोस्टग्रेसवर न्या. नंतर हलवणं जमतं, पण सर्व्हर बंद ठेवावा लागतो. डिस्क २०० जीबीपासून सुरू करा आणि ती वाढवता येईल अशी घ्या. मशीन लर्निंगवाली टीम असेल तर हा आकडा विसरा, टॉर्चचं कुडावालं (ग्राफिक्स कार्डासाठीचं) एकेक व्हील (पायथनची तयार पॅकेज फाइल) शेकडो एमबीचं असतं.

फुकट आवृत्तीवर घटकांच्या संख्येची आणि रोजच्या रिक्वेस्टची मर्यादा आहे. प्रॉक्सीत साठलेलं प्रत्येक पॅकेज त्या संख्येत धरलं जातं, तुमची २५ नव्हेत. सध्याचे आकडे उतरवण्याआधी तपासा.

गिटलॅब आधीच असेल तर त्याची रजिस्ट्री चालेल, पण ती खऱ्या अर्थाने प्रॉक्सी नाही. आपल्याकडे पॅकेज सापडलं नाही तर ती मागणी सरळ बाहेरच्या रजिस्ट्रीकडे वळवते. साठवत काही नाही.

पेठेतला_पायथन · मंगळवार, दुपारी १:२०

सगळे रॅम मोजतायत. या विषयातला खरा प्रश्न एकच आहे: एखादं नाव मागितल्यावर ते कोणत्या दाराने येतं?

फेब्रुवारी २०२१ मध्ये अ‍ॅलेक्स बिरसान या संशोधकाने दाखवून दिलं की मोठमोठ्या कंपन्यांच्या आतल्या पॅकेजेसची नावं हुडकून, त्याच नावाची पॅकेजेस सार्वजनिक रजिस्ट्रीवर टाकली, की त्या कंपन्यांची मशीन्स ती आपणहून उतरवून घेतात. अ‍ॅपल, मायक्रोसॉफ्ट, पेपाल त्यात होत्या. डिपेंडन्सी कन्फ्यूजन म्हणतात ते हेच. कोणाचा पासवर्ड फोडावा लागला नाही.

पायथनवाल्यांनी कान देऊन ऐका. पिपला आणखी एका इंडेक्सचा (पॅकेजेसच्या यादीचा) पत्ता देणारा एक्स्ट्रा-इंडेक्स-यूआरएल हा पर्याय "आधी आमच्याकडे बघ, नाही मिळालं तर बाहेर" असा मुळीच नाही. पिप सगळ्या इंडेक्सांतल्या आवृत्त्या एका ढिगात टाकतं आणि सर्वांत वरचा आकडा उचलतं. तुमचं १.४.२ आणि बाहेर कोणी ठेवलेलं ९९.०.०, तर येणार ९९.०.०. डिसेंबर २०२२ मध्ये पायटॉर्चच्या नाइटली (रोजच्या चाचणी) बिल्डबरोबर नेमकं हेच झालं: टॉर्चट्रायटन या नावाचं परकं पॅकेज पायपीआयवर (पायथनच्या सार्वजनिक रजिस्ट्रीवर) आलं आणि २५ ते ३० डिसेंबर या काळात नाइटली इन्स्टॉल करणाऱ्यांकडे तेच उतरलं.

म्हणून पिप डॉट कॉन्फमध्ये इंडेक्स-यूआरएल एकच, ग्रुपचा. एक्स्ट्रा हा शब्द सगळ्या रेपोंत, डॉकरफाइलींत आणि सीआयच्या व्हेरिएबल्समध्ये शोधून उडवा. पिपऐवजी यूव्ही वापरत असाल तर त्याची मुळातली पद्धत बरी आहे: ज्या इंडेक्सवर नाव पहिल्यांदा सापडतं तिथेच थांबतं. आणि खाजगी पॅकेज ठरावीक इंडेक्सशी बांधताही येतं.

फेज_थ्री_वाला · मंगळवार, दुपारी २:०२

ग्रुपमध्ये होस्टेड वर ठेवला आणि प्रॉक्सी खाली, तर आपलंच आधी मिळेल ना? मग ९९.०.० चा धोका उरतोच कुठे?

पेठेतला_पायथन · मंगळवार, दुपारी २:१५

उरतो. आवृत्त्यांची यादी बनवताना ग्रुपमधल्या सदस्यांचा मेटाडेटा (पॅकेजेसची माहिती) एकत्र होऊ शकतो, त्यामुळे ढीग फक्त लॅपटॉपवरून उचलून सर्व्हरवर नेल्यासारखं होतं. क्रमाच्या भरवशावर राहू नका. नेक्ससमध्ये राउटिंग रूल नावाची सोय आहे. ब्लॉक प्रकारचा रूल करायचा, त्यात आपल्या नावांचा पॅटर्न द्यायचा आणि तो प्रॉक्सी रेपोला लावायचा. म्हणजे आपल्या उपसर्गाचं नाव बाहेर विचारलंच जात नाही.

एनपीएमसाठी पॅटर्न आपल्या स्कोपचा (पॅकेजच्या नावाआधी लागणारं संस्थेचं नाव). मेव्हनसाठी (जावाचं बिल्ड साधन) आपल्या ग्रुप-आयडीचा मार्ग, ठिपक्यांच्या जागी तिरप्या रेघा देऊन. पायथनसाठी सिंपल या मार्गाखालचा आपला उपसर्ग. इथे लक्षात ठेवा की पायपीआयच्या नियमाप्रमाणे हायफन, अंडरस्कोर आणि ठिपका हे नावात सारखेच धरले जातात आणि अक्षरं लहान होतात. पॅटर्नमध्ये तिन्ही चिन्हं घ्या.

देवपीत ही काळजी आधीच घेतलेली आहे. आपल्या इंडेक्सवर ज्या नावाचं पॅकेज आहे त्याच्या मिररवरच्या (बाहेरच्या रजिस्ट्रीच्या प्रतीतल्या) आवृत्त्या तो मिसळत नाही, जोवर तुम्ही मिरर-व्हाइटलिस्टमध्ये ते नाव घालत नाही. लोक इन्स्टॉल अडलं की तिथे चांदणी (म्हणजे सगळीच नावं) टाकून मोकळे होतात. ती टाकली की कुलूप उघडलंच.

खराडी_कर्नल · मंगळवार, सायंकाळी ६:३०

+१. नोडच्या बाजूने भर.

आतल्या पॅकेजेसना स्कोप नसेल तर आधी तो द्या, बाकी सगळं नंतर. आणि तोच स्कोप एनपीएमच्या सार्वजनिक रजिस्ट्रीवर संस्था म्हणून आपल्या नावावर नोंदवून ठेवा, तिथे काही पब्लिश करायचं नसलं तरी. एखाद्या नव्या लॅपटॉपवर एनपीएमआरसीत (एनपीएमच्या सेटिंग फाइलमध्ये) स्कोपची ओळ राहून गेली की एनपीएम सरळ बाहेर विचारायला जातं. स्कोप आपला असेल तर ४०४ (सापडलं नाही) मिळून गोष्ट संपते. दुसऱ्याने नोंदवलेला असेल तर संपत नाही.

व्हर्डाचिओ घेणाऱ्यांसाठी: पॅकेजेसच्या भागात जो पॅटर्न वरून पहिला जुळतो तोच लागू होतो. आपला स्कोप सर्वांत वर, आणि त्याच्याखाली प्रॉक्सी ही ओळ नकोच. मॅक्स-युजर्स उणे एक करा, नाहीतर ज्याला पत्ता माहीत आहे तो स्वतःचं खातं उघडू शकतो.

बिनसाखरेचा_चहा · मंगळवार, रात्री ९:१०

स्थलांतराच्या दिवशी काय काय फुटतं त्याची यादी कोणी देत नाही, म्हणून देतो.

पहिलं: रजिस्ट्रीच्या पुढे एनजिनएक्स (मागण्या आत पोचवणारा वेब सर्व्हर) लावाल, पहिलंच मोठं पॅकेज पब्लिश कराल आणि ४१३ (फाइल फार मोठी) एरर येईल. क्लायंट-मॅक्स-बॉडी-साइझ मुळात १ एमबी असते. ती ५०० एमबी करा, व्हील्स मोठी असतील तर दोन जीबी.

दुसरं: स्कोपवालं पॅकेज ४०४ देतं, बिनस्कोपचं चालतं. एनपीएम स्कोप आणि नाव यांच्यामधली तिरपी रेघ एन्कोड करून पाठवतं. प्रॉक्सी-पासच्या पत्त्याला शेवटी मार्ग जोडलेला असेल, अगदी एकटी तिरपी रेघ असली तरी, एनजिनएक्स ती डीकोड करून पुढे देतं. पत्ता होस्ट आणि पोर्टवर संपवा.

तिसरं: अंतर्गत सर्टिफिकेट. इथे नव्वद टक्के लोक स्ट्रिक्ट-एसएसएल (सर्टिफिकेटची तपासणी) बंद करतात आणि विसरतात. (आकडा माझ्या मनाचा.) नोडला नोड-एक्स्ट्रा-सीए-सर्ट्‌स या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये आपल्या रूट सर्टिफिकेटची फाइल द्या, ती असलेल्या यादीत भर घालते. एनपीएमचा सीए-फाइल पर्याय मात्र यादी बदलून टाकतो, म्हणून तो लावल्यावर बाहेरचे पत्ते अचानक नाकारले जातात. पिपसाठी पिप-सर्ट. जावाला कीटूलने ट्रस्ट स्टोअरमध्ये घाला, आणि जेडीके बदलला की पुन्हा घाला. एवढं करण्यापेक्षा खरं डोमेन घेऊन लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट डीएनएस पद्धतीने काढलंत तर सर्व्हर आतच राहतो आणि ही अख्खी कटकट जाते.

चौथं: मेव्हन ३.८.१ पासून एचटीटीपीवरचे रेपो मुळातच अडवले जातात. एररमध्ये "मेव्हन-डीफॉल्ट-एचटीटीपी-ब्लॉकर" दिसलं की समजायचं, जुना पत्ता कुठल्या तरी पॉममध्ये (मेव्हनच्या प्रकल्प फाइलमध्ये) दबा धरून बसलाय. सेटिंग्जमध्ये मिरर-ऑफला चांदणी दिली की परक्या लायब्रऱ्यांच्या पॉममधले पत्तेही आपल्या दारानेच येतात.

पाचवं, आणि हे सगळ्यांत चिवट: पॅकेज-लॉकमधले रिझॉल्व्ह्ड पत्ते. लॉक फाइलमध्ये प्रत्येक पॅकेजचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. तो एनपीएमच्या सार्वजनिक रजिस्ट्रीचा असेल तर एनपीएम तो आपल्या रजिस्ट्रीने बदलून घेतं. दुसरा कुठलाही होस्ट असेल, म्हणजे तुमच्या चाचणी सर्व्हरचा आयपी वगैरे, तर त्याला हात लावत नाही. मग सर्व्हर हलवला की सगळ्या रेपोंचे बिल्ड एकदम बंद. रिप्लेस-रजिस्ट्री-होस्ट हा पर्याय "ऑलवेज" केल्याने तात्पुरतं सुटेल. त्याहून बरं म्हणजे पहिल्या दिवसापासून आयपी कुठेही न लिहिता डीएनएसचं नाव वापरणं.

सिग्नल_सुटला · बुधवार, सकाळी ९:३५

सहावं मी जोडतो. "बाहेर नवी आवृत्ती आलीय, आपल्याकडे दिसत नाही." नेक्ससच्या प्रॉक्सीत मेटाडेटा आणि नॉट-फाउंड दोन्हीचं आयुष्य मुळात १४४० मिनिटं, म्हणजे अख्खा दिवस. लगेच हवं असेल तर त्या रेपोवर इनव्हॅलिडेट कॅश. ही वेळ पाच मिनिटांवर आणायचा मोह होईल, आणू नका. पुढे कोणीतरी सांगेलच का ते.

टिळक_रोड_डेमन · बुधवार, सकाळी १०:२०

मीच सांगतो. सप्टेंबर २०२५ मध्ये एनपीएमवर शाई-हुलुद नावाचा किडा पसरला. लागण झालेलं पॅकेज इन्स्टॉल झालं की मशीनवरची टोकन्स (पासवर्डऐवजी चालणाऱ्या किल्ल्या) चोरायची आणि त्याच टोकन्सनी त्या डेव्हलपरच्या इतर पॅकेजेसच्या दूषित आवृत्त्या पब्लिश करायच्या, असं त्याचं चक्र. असली पॅकेजेस बहुतेकदा थोड्या काळात पकडली जाऊन काढली जातात. म्हणून नवी आवृत्ती काही दिवस मुरू द्यायची. पीएनपीएमच्या (एनपीएमला पर्यायी साधन) १०.१६ पासून मिनिमम-रिलीज-एज आहे. ते मिनिटांत लिहायचं असतं, तीन दिवसांसाठी ४३२०. तिथे ३ लिहून निश्चिंत होणारे भेटतील. यूव्हीत एक्स्क्लूड-न्यूअर.

उलटी बाजूही आहे. डिसेंबर २०२१ च्या लॉगफोरशेलसारखी (जावाच्या एका लायब्ररीतलं गंभीर भगदाड) वेळ आली तर दुरुस्तीची आवृत्ती तीन दिवस मुरवून चालत नाही, म्हणून अपवादाची यादी आणि ती कोण बदलणार हे आधी ठरवा.

टोकन्सबद्दल: लॅपटॉपवरच्या टोकनला फक्त वाचायची परवानगी. पब्लिश फक्त सीआय करणार. एनपीएमआरसीत टोकन न लिहिता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचं नाव लिहा. आणि डॉकरफाइलमध्ये ते आर्गने देऊ नका, इमेजच्या हिस्टरीत दिसतं. बिल्डकिटचा सीक्रेट माउंट वापरा.

फेज_थ्री_वाला · बुधवार, दुपारी १२:५०

बापरे. वहीत उतरवतोय. आता जागा: ऑफिसात की क्लाउडवर?

खराडी_कर्नल · गुरुवार, सकाळी ११:१५

आज गुरुवार, त्यामुळे उत्तर वेगळं लिहायची गरज नव्हती. लाइट गेलीय, इन्व्हर्टरवर टाइप करतोय.

ऑफिसातला सर्व्हर म्हणजे यूपीएस, दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन्स, आणि निम्मी माणसं व्हीपीएनवरून तुमच्या अपलोड बँडविड्थवर. घरी बसलेला माणूस बाहेरचं पॅकेज मागतो तेव्हा ते आधी हिंजवडीत उतरणार आणि मग तिथून त्याच्याकडे चढणार. सीआय क्लाउडवर असेल तर रजिस्ट्री त्याच क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये ठेवा, व्हीपीएनच्या आड. अ‍ॅमेझॉनची तयार रजिस्ट्री कोडआर्टिफॅक्टही मुंबईत मिळतं आणि सर्व्हर सांभाळायची ब्याद नाही, पण त्याचं टोकन जास्तीत जास्त १२ तास चालतं. रोज सकाळी "माझं लॉगिन गेलं" हे ४० जणांकडून ऐकायची तयारी असेल, किंवा लॉगिनची स्क्रिप्ट सगळ्यांच्या शेलमध्ये घालणार असाल, तर जरूर.

अवांतर: ऑफिसातले सगळे एकाच सार्वजनिक आयपीवरून बाहेर जात असाल तर डॉकर हबची बिनखात्याची मर्यादा, सहा तासांना १०० पुल (इमेज उतरवणं), सगळ्यांत मिळून वाटली जाते. नेक्ससमध्ये डॉकरची प्रॉक्सीही करून टाका.

पेठेतला_पायथन · गुरुवार, दुपारी ३:४०

साफसफाई आणि बॅकअप कोणी लिहिलं नाही, लाइट आल्यावर लिहितो म्हणाले असतील.

नेक्ससमध्ये क्लीनअप पॉलिसीने पॅकेज पुसलं तरी डिस्क रिकामी होत नाही. ते नुसतं पुसल्याची खूण करतं. जागा परत मिळवायला ब्लॉब स्टोअर (फाइलींचा साठा) आवळणारं कॉम्पॅक्ट ब्लॉब स्टोअर हे टास्क वेगळं लावावं लागतं. "सगळं पुसलं तरी डिस्क ९५ टक्के" हा प्रश्न दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या फोरमवर येतो तो यामुळे.

स्नॅपशॉट्स (कच्च्या, तात्पुरत्या आवृत्त्या) बिनधास्त उडवा: शेवटची तीन ठेवा, १५ दिवसांपूर्वीची बाकीची जाऊ द्या. होस्टेड रिलीजवर मात्र "९० दिवसांत कोणी उतरवलं नाही तर पुसा" ही पॉलिसी कधीच लावू नका. सीआय आपल्या कॅशमधून घेत असतं, सर्व्हरला पत्ताच नसतो. कॅश पुसली गेली की वर्षापूर्वीचं रिलीज पुन्हा बांधता येत नाही. प्रॉक्सीवरही हात आखडता ठेवा. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हे ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं आणि जगभरचे बिल्ड पडले; २०२१ मध्ये जेसेंटर ही जावाची सार्वजनिक रजिस्ट्री बंद करत असल्याचं जेफ्रॉगने जाहीर केलं. अशा वेळी आपल्या प्रॉक्सीतली प्रत हीच काय ती प्रत.

होस्टेडवर रीडिप्लॉय बंद करा. तीच आवृत्ती पुन्हा पब्लिश करू दिली तर लॉक फाइलमधला इंटिग्रिटी हॅश जुळत नाही, ज्यांच्याकडे जुनी प्रत आहे त्यांचं चालतं, बाकीच्यांचं नाही, आणि दोन टीम एकमेकींना खोटं ठरवत बसतात. चूक झाली तर आकडा वाढवा, आकडे फुकट आहेत.

बॅकअप दोन भागांत: डेटाबेस आणि ब्लॉब स्टोअर. क्रम तोच, आधी डेटाबेस, मग ब्लॉब. उलटं केलंत तर मधल्या वेळात आलेल्या पॅकेजची नोंद असते आणि फाइल नसते. परत उभं करून पाहिल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणू नका.

आणि एनजिनएक्सचे लॉग १८० दिवस, भारतातच. सर्ट-इनचे (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत. घटना कळवायला सहा तास मिळतात. कुठली आवृत्ती कोणत्या मशीनने कधी उतरवली हे त्या सहा तासांत या लॉगवरूनच सांगता येतं.

फेज_थ्री_वाला · शुक्रवार, सकाळी १०:०५

असं ठरतंय. मुंबई रीजनमध्ये नेक्सस, पोस्टग्रेसवर. तिन्ही भाषांना होस्टेड, प्रॉक्सी, ग्रुप. प्रॉक्सींना राउटिंग रूल. पब्लिश फक्त सीआयकडून, रीडिप्लॉय बंद. सुरुवात जावापासून, कारण शेअर्ड फोल्डरची लाज वाटायला लागलीय. व्हीपीएनच्या आतच असल्याने अ‍ॅनॉनिमस अ‍ॅक्सेस चालू ठेवला तर चालेल का? आणि सगळं नीट लागलंय हे कळणार कसं?

बिनसाखरेचा_चहा · शुक्रवार, सकाळी १०:५०

अ‍ॅनॉनिमस बंद. लॉगमध्ये कोणी उतरवलं याच्या जागी नुसतं अ‍ॅनॉनिमस दिसणार असेल तर वरचे सहा तास कसे काढणार?

चाचणी सोपी आहे. सीआयच्या एका रनरवरून (बिल्ड चालवणाऱ्या मशीनवरून) एनपीएम, पायपीआय आणि मेव्हन सेंट्रलचे पत्ते फायरवॉलवर अडवा. त्याचं एनपीएम कॅश, पिप कॅश आणि मेव्हनचं डॉट एम-टू फोल्डर रिकामं करा. मग एकेक रेपो बांधा. जो पडेल त्याच्यात अजून चोरवाट आहे: कुठे एक्स्ट्रा-इंडेक्स, कुठे लॉकमधला जुना पत्ता, कुठे पोस्टइन्स्टॉलमध्ये गिटहबवरून बायनरी ओढणारं पॅकेज. हे शेवटचं रजिस्ट्रीतून जातच नाही, त्याला रॉ प्रकारचा प्रॉक्सी रेपो करून त्या पॅकेजच्या मिररच्या सेटिंगमध्ये त्याचा पत्ता द्यावा लागतो.

सगळे रेपो हिरवे झाले की ती फायरवॉल त्या रनरवरून काढू नका, उरलेल्या सगळ्यांना लावा. सोमवारी लावा, शुक्रवारी नको.